द्राक्षं हाती येईपर्यंतची वर्षं

२४ मे १९७६. पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक वाइन चाखायला बसले होते. चाचणी भरवली होती स्टीव्हन स्परियर या इंग्रज माणसाने. त्याचं पॅरिसमध्ये वाइनचं दुकान होतं. कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या नामांकित वाइन शेजारी शेजारी मांडलेल्या, पण कोणती कुठली हे परीक्षकांना कळू नये अशी व्यवस्था. गुणांची बेरीज झाली आणि पांढऱ्या व लाल अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. फ्रान्सला धक्का बसला आणि जगभरातल्या नव्या वायनऱ्यांना हुरूप आला.

त्या दिवशीच्या निकालापेक्षा विजेत्यांचा पूर्वेतिहास जास्त बोलका आहे. लाल वाइनमध्ये पहिल्या आलेल्या ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’चे वॉरेन विनियार्स्की हे पूर्वी शिकागो विद्यापीठात व्याख्याते होते. पांढरी वाइन ज्यांची पहिली आली, त्या ‘शातो मॉन्टेलेना’चे जिम बॅरेट हे लॉस एंजेलिसचे वकील. लाल गटात पाचवी आलेली ‘रिज’ तर संशोधक अभियंत्यांनी उभी केलेली. पिढीजात वायनरी यांच्यापैकी कुणाचीच नव्हती.

जमलेला पेशा सोडून द्राक्षबाग लावावी, छोटी वायनरी काढावी, असं स्वप्न पाहणारे आजही पुष्कळ आहेत. जमीन किती लागेल, भांडवल किती लागेल, याची चौकशी ते आधी करतात. ती हवीच. पण सगळ्यात अवघड हिशेब वर्षांचा असतो. वेल लावल्यावर विकण्याजोगं पीक साधारण तिसऱ्या वर्षी मिळतं. लाल वाइन त्यानंतर वर्ष-दीड वर्ष लाकडी पिपात मुरते, मग काही महिने बाटलीत. म्हणजे पहिली बाटली विकली जाईपर्यंत पाचवं वर्ष उजाडतं, आणि मजुरी, औषधं, वीज, कर्जाचे हप्ते पहिल्या दिवसापासून सुरू झालेले असतात. ही मधली वर्षं कशी काढायची, याचं उत्तर या तिघांनी तीन तऱ्हांनी शोधलं.

विनियार्स्की १९६४ मध्ये बायको-मुलांसह शिकागो सोडून कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात आले. लगेच स्वतःची वायनरी काढली नाही. आधी ली स्टुअर्ट यांच्या ‘सुव्हरेन’ या छोट्या वायनरीत हाताखाली राबले, मग रॉबर्ट मोंडावी यांच्या नव्या वायनरीत. पुढे गाजलेल्या बागेची जागा त्यांनी घेतली ती १९७० मध्ये. तिथे तेव्हा आलुबुखाराची बाग होती. शेजारी नेथन फे यांनी घरच्या द्राक्षांची केलेली वाइन चाखून विनियार्स्कींनी तो परिसर हेरला होता. पॅरिसमध्ये जिंकलेली वाइन १९७३ च्या पिकाची, अवघ्या तीन वर्षांच्या वेलींची. त्यामागे नऊ वर्षांची मेहनत होती.

रिजची गोष्ट उलटी. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या काही शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सांताक्रूझच्या डोंगरावरची जुनी द्राक्षबाग मिळून विकत घेतली. त्यांच्यातले चार्ल्स रोझन पुढे ‘शेकी’ या सुरुवातीच्या यंत्रमानवाच्या कामासाठी ओळखले गेले. सुरुवातीला नोकरी कुणीच सोडली नाही. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब डोंगर चढायचा, छाटणी करायची, द्राक्षं खुडायची. व्यवसाय म्हणून वाइन करायला त्यांनी १९६२ मध्ये सुरुवात केली. डेव्ह बेनियन यांनी १९६७ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ वायनरी हाती घेतली, तोवर बाग घेऊन आठ वर्षं झाली होती. त्याच डोंगरावरची १९७१ ची ‘मॉन्टे बेलो’ २००६ मध्ये झालेल्या फेरचाचणीत पहिली आली.

बॅरेट यांनी १९७२ मध्ये भागीदारांसह एक जुनी वायनरी घेतली आणि बागेत नव्याने लाल द्राक्षांची लागवड केली. ती फळायला वेळ होता. तोवर पैसा खेळता राहावा म्हणून त्यांनी इतर बागायतदारांकडून पांढरी द्राक्षं विकत घेतली आणि माइक गर्गिच या कसलेल्या वाइनकाराकडे काम सोपवलं. पांढरी वाइन लवकर तयार होते, लवकर विकली जाते. खर्च भागावा म्हणून केलेली हीच वाइन पॅरिसमध्ये पहिली आली.

कॅलिफोर्नियाचा हा धागा थेट नाशिकपर्यंत येतो. स्टॅनफर्डमध्ये शिकून ओरॅकल कंपनीत नोकरी करणारे राजीव सामंत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला परत आले आणि नाशिकजवळच्या घरच्या जमिनीत शेती करू लागले. आंबा, गुलाब, खायची द्राक्षं असे प्रयोग झाले. मग कॅलिफोर्नियाचे वाइनकार केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्याने १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या जाती लावल्या. आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ हे नाव ठेवलं. पहिली वाइन बाजारात आली २००० मध्ये.

नाशिकची शेती नापासारखी नाही. तिथे हिवाळ्यात वेल झोपतो. इथे तो झोपतच नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. परतीचा पाऊस लांबला की डावणी हा रोग येतो, थंडीत भुरी या रोगाची धास्ती, आणि खुडा तोंडावर आला असताना गारपीट झाली तर वर्षाचं पीक अर्ध्या तासात जमिनीवर. खुडा साधारण जानेवारी ते मार्च. मणी तापायच्या आत, पहाटेच कात्री चालते आणि क्रेट वायनरीत पोचतात.

पुढचं काम पाहुण्यांना सहसा दिसत नाही. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. लाल वाइनच्या टाकीत हा वायू साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर तरंगू लागतो. तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग नीट उतरत नाही आणि थर आंबूस पडतो. पिपांचं तसंच. २२५ लिटरच्या पिपातून वाइन लाकडावाटे सतत थोडी थोडी उडून जाते. रिकाम्या जागेत हवा राहिली की वाइनचं व्हिनेगर व्हायला लागतं, म्हणून एकेका पिपाचं बूच काढून, त्यात वाइन ओतून ते काठोकाठ भरायचं. उरलेला दिवस टाक्या, पाइप, पंप धुण्यात जातो. व्याख्यातेपद सोडून विनियार्स्की शिकायला आले ते हेच काम.

महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क उभारले. वायनऱ्या भराभर निघाल्या. २००८-०९ च्या मंदीत मागणी घसरली तेव्हा टाक्या वाइनने भरून राहिल्या, अनेक छोट्या वायनऱ्या बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. वाइन करणं जमलं तरी विकणं वेगळं. दारूची थेट जाहिरात करता येत नाही, आणि प्रत्येक राज्याचा परवाना, कर, लेबलची नोंदणी निराळी. म्हणून बागेतच चवगृह, जेवण, मुक्काम देऊन ग्राहकाला दारात आणायची वाट नाशिकच्या अनेक वायनऱ्यांनी धरली.

ज्याला हा मार्ग मनापासून हवा आहे, त्याला राजीनाम्याची घाई करायचं कारण नाही. खुड्याच्या दिवसांत नाशिकच्या वायनऱ्यांत कामाची झुंबड असते. साठवलेल्या रजेतले दोन-तीन आठवडे पहाटेचा खुडा, टाक्यांची धुलाई आणि पिपांची भरणी यांत घालवता येतात. संध्याकाळी मालकाशेजारी बसून विचारायचं : पहिली बाटली कितव्या वर्षी विकली, तोवर घर कशावर चाललं आणि गारपीट झाली त्या वर्षी हप्ता कुठून भरला?