टेबल सॉ घेताना आधी काय पाहायचं?

परतवाड्याच्या सागवानाचे पाट-चौरंग करायचे ठरलं, की गटात कुणीतरी सुचवतंच : हातातलं कटर फळीखाली उलटं बसवा, स्वस्तात काम! आम्ही त्याला नाहीच म्हणतो. पात्यामागे उभी पातळ पट्टी नसली, की चिरलेलं लाकूड पात्याला आवळतं, फळी उसळून अंगावर येते आणि हात पात्याकडे जातो. ती पट्टी आणि वरचं झाकण असेल, तरच भावाचं बोला.

पाट-चौरंगाला दहा इंची पात्याचं, सिंगल फेजवर चालणारं, उचलून ठेवता येणारं मशीन पुरतं. आवाज फार करतं, तेवढं खरं. दिवसभर जाड फळ्या चिरायच्या असतील, तर बिडाच्या टेबलाचं भारी मशीन घ्या.

पदर खोचा. हातमोजे नकोत, ते पात्यात अडकतात. बांगड्या काढायला कुणी कुरकुरेल, कुरकुरू द्या. फळीचं शेवटचं टोक लाकडी काठीनंच ढकला.