आकाशातला फ्लेक्स

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात भगव्या चौकाकडे निघालं की वाढदिवस, निवड, अभिनंदन असे फ्लेक्स डोक्यावर हजर. बांबू, तार आणि शिडीवर चढणारी दोन पोरं, एवढ्यात काम भागतं. इंग्लंड-अमेरिकेत हीच हौस विमानाच्या शेपटीला बांधून भागवतात. आपल्या क्रिकेटवेड्यांनी ती टीव्हीवर पाहिली ६ जुलै २०१९ रोजी. लीड्सच्या हेडिंग्लीवर भारत-श्रीलंका सामना रंगला असताना काश्मीरबद्दलची राजकीय घोषणा ओढत एक छोटं विमान मैदानावरून गेलं आणि बीसीसीआयने आयसीसीकडे तक्रार ठोकली.

खालून पाहणाऱ्याला हा सगळा संथ, गमतीचा प्रकार वाटतो. धोका असतो तो त्याआधी, प्रेक्षक नसलेल्या गवताळ पट्टीवर.

बॅनर मागे बांधून विमान धावपट्टीवरून उडवण्याची पद्धत फारशी नाही; घासून कापड फाटेल. म्हणून पुरुषभर उंचीची नायलॉनची अक्षरं काठ्यांना जोडून मजकूर गवतावर पसरतात. बॅनरच्या दोराचा फासा दोन खांबांवर ताणून ठेवतात. विमान रिकामंच उडतं. त्याच्या शेपटीमागे दोराला लोखंडी आकडा लोंबत असतो. पायलट खांबांच्या रोखाने खाली येतो, आकडा फाशात अडकायच्या बेताला इंजिनाची सगळी ताकद लावतो आणि नाक वर खेचतो. मग एकेक अक्षर जमिनीवरून सोलल्यासारखं वर निघतं.

त्या क्षणी विमानाचा वेग आधीच कमी, नाक वर, आणि मागून फडफडत्या कापडाची ओढ. वेग आणखी घसरला तर पंखांची उचल संपते. उंची असेल तर नाक खाली घालून वेग परत मिळवता येतो. इथे खाली लगेच जमीन. पंचगंगेच्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी यांच्यामध्ये बावडेकरांना सामान हलवायला वेळ मिळतो. बॅनरच्या पायलटला इशारा आणि धोका यांच्यामध्ये मिळतात ते काही सेकंद. तेवढ्यात हात दोर सोडण्याच्या खटक्यावर गेला पाहिजे.

या कामाला विमानंही तशीच दणकट आणि जुनी. पिकांवर फवारणीसाठी बनवलेलं, एकाच माणसाच्या बैठकीचं पायपर पॉनी हे त्यातलं एक. कमी वेग आणि जास्त ताकद यामुळे इंजिन तापतं, तो वेगळा ताप. चालवणाऱ्यांत अनेकदा उड्डाणाचे तास जमवणारी तरुण मंडळी असतात. १७ मे २०२३ रोजी फ्लोरिडातल्या हॉलीवूड शहरात असं एक विमान भर रस्त्यावर कोसळलं आणि पायलटचा जीव गेला.

सर्वांत गाजलेला अपघात मात्र ६ मे २०१० चा. ब्रिटनमध्ये त्या दिवशी सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान होतं. युकिप पक्षाचे माजी प्रमुख नायजेल फराज हे बकिंगहॅम मतदारसंघात कॉमन्स सभागृहाचे सभापती जॉन बर्को यांच्याविरुद्ध उभे होते. नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या हिंटन-इन-द-हेजेस इथल्या हवाई पट्टीवरून ते पोलंडच्या बनावटीच्या विल्गा विमानात बसले. मागे ओढायचा होता तो पक्षाला मत द्या असं सांगणारा बॅनर. तोच विमानाच्या शेपटीत गुंतला. नाक वर-खाली करणारी फळी तिथेच असते. तिला कापड-दोराचा विळखा पडला की पायलटच्या हातात फारसं काही उरत नाही. विमान नाकावर आदळलं. फराज आणि पायलट दोघेही जखमी झाले, पण वाचले. चेहऱ्यावर रक्त आणि सुटाबुटातले फराज, मागे मोडकं विमान, हा फोटो जगभर छापला गेला.

प्रचाराला विमान वापरावं की नाही हा वादाचा विषय असेल. पण उमेदवाराला त्या विमानात बसवायची गरजच नव्हती. मजकूर वाचायचा होता तो खालच्या लोकांनी. अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या अटींत तर बॅनर ओढताना कामापुरत्या माणसांखेरीज कुणालाही विमानात घेता येत नाही. बकिंगहॅममध्ये बर्को निवडून आले, फराज तिसऱ्या क्रमांकावर राहिले.