माहेर पाण्याखाली, सून पाण्यावर

"मपलं माहेर पाण्यानं गिळलं, अन् तू आठ दिस पाण्यावर ऱ्हायला चाललीस? त्येबी पैसं मोजून?"

सासूबाईंच्या या प्रश्नावर मी गप्पच बसले. त्यांचं माहेर जुनं आंबेगाव. डिंभे धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. आमच्या तालुक्याचं नाव आजही आंबेगाव, पण कचेऱ्या घोडेगावात आणि मूळ गाव 'हुतात्मा बाबू गेनू सागरा'च्या पोटात! तेव्हापासून सासूबाई त्या बाजूला फिरकलेल्या नाहीत.

आम्ही निरगुडसरच्या चार मैत्रिणी. एक निवृत्त शिक्षिका, एक अंगणवाडीत होती, एक शिवणकाम करते आणि मी दोन गाई सांभाळणारी. दर महिन्याला २ हजार बाजूला टाकायचे आणि काहीही झालं तरी हात लावायचा नाही, हा नियम आम्ही ९ वर्षं पाळला. खरं तर ठरलं होतं चारधामचं. पण बाईंनी (शिक्षिकेला आम्ही बाईच म्हणतो) भूमध्य समुद्रातल्या क्रूझची जाहिरात दाखवली. बार्सिलोनाहून निघायचं, फ्रान्स, इटली करत तिथंच परत. सात रात्री. "रोज बॅग भरायची नाही, हॉटेल बदलायचं नाही. आपण झोपायचं आणि जहाजानं चालायचं. गुडघे दुखणाऱ्यांना याहून सोपं काय?" हे मात्र पटलं.

घरचे तयार झाले, गाव होईना. "कुणाबरोबर चाललात?" हा एकच प्रश्न. "एकमेकींबरोबर" हे उत्तर कुणाला पुरेसं वाटायचं नाही. शेवटी नणंदबाई धावून आल्या. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही खुशाल जा. आईचं आणि गाईंचं मी बघते."

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. स्पेन, फ्रान्स, इटली या सगळ्यांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्यासाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतोच. जहाज मध्येच तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाला जाणार असेल, तर पुन्हा आत येता येईल असा, एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा घ्या. बिनखिडकीची खोली सर्वात स्वस्त. दिवसभर खोलीत थांबतंय कोण! जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, एक कार्ड देतात. त्यावर सेवेचे पैसेही रोज चढत असतात, ते आधीच विचारून ठेवा. इस्त्री, किटली नेऊ नका, काढून घेतात. आणि सुरक्षेची कवायत कंटाळा न करता करा. २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून ३२ जणांचा जीव गेला. त्यानंतर ही कवायत जहाज सुटायच्या आधीच घेतात.

पहिल्या रात्री डेकवर उभ्या होतो. चारी बाजूंनी नुसतं काळं पाणी. सासूबाईंचे शब्द आठवून माझ्या पोटात गोळा आला. बाईंनी ते ओळखलं आणि जुन्नरच्या लेण्यांची गोष्ट काढली. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा शिलालेख आहे. चिट नावाच्या यवनानं तिथं भोजनमंडप दिला. यवन म्हणजे ग्रीक वगैरे, पश्चिमेकडून आलेले लोक. नाणेघाटातून व्यापार चालायचा, त्या जवळजवळ २ हजार वर्षांपूर्वीच्या काळातली ही गोष्ट. शिवणकामवाली पटकन म्हणाली, "म्हंजे ते आधी येऊन गेलेत. आपण आता परतभेटीला चाललोय!" चौघी इतक्या हसलो की भीती कुठल्या कुठं गेली.

नेपल्सला जहाज लागलं. बहुतेक लोक पॉम्पेई बघायला गेले. आम्ही टॅक्सी करून जवळच्या एका गावी गेलो. गावाचं नाव बाया! चार बाया बाया बघायला निघाल्या, म्हणून पुन्हा हसाहशी. श्रीमंत रोमन लोक इथं हवा पालटायला यायचे. ज्वालामुखीचा प्रदेश, तिथली जमीन हळूहळू खचत गेली आणि किनाऱ्यालगतचा भाग समुद्रात गेला. काचेच्या तळाच्या होडीतून तो बघता येतो.

होडी थांबली. खाली हिरवट पाण्यात भिंती दिसल्या, पुतळे दिसले. (ते नकली, अस्सल पुतळे तिथल्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत.) मग नक्षीची फरशी दिसली आणि माझं हसू थांबलं. ही कुणाची तरी ओसरी असणार. इथं कुणी लेक माहेरपणाला आली असेल. सासूबाई पंचवीस वर्षं काय सांगत होत्या, ते मला इतक्या लांब येऊन कळलं. आम्ही मात्र "आता किती दिवस तेच तेच" म्हणून त्यांना गप्प करायचो. मी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं.

घरी आल्यावर सासूबाईंना ते दाखवलं. त्यांनी तीन वेळा पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. चौथ्या दिवशी गाईला चारा टाकत होते, तर मागून आवाज आला, "मला एकदा डिंभ्याला नेशील?"

मे महिन्यात पाणी बरंच उतरलं होतं. आम्ही चौघी त्यांना जीपनं घेऊन गेलो. दिसायला काय, चिखल आणि दगड. पण सासूबाई काठी उचलून दाखवत राहिल्या, "तिथं आमचं घर. तिकडं पाणवठा. तिथनं मपली वरात निघाली." रडतील असं वाटलं होतं. त्या तासभर बोलत होत्या, आणि पहिल्यांदाच आम्ही मध्ये बोललो नाही.

मैत्रिणींनो, लांबचं पाहून आल्यावर घरातलं माणूस नीट दिसायला लागतं, एवढं मी या सहलीत शिकले. आमची नवी भिशी सुरू झाली आहे. या वेळी पाच जणींची. पाचव्या सासूबाई, महिन्याला शंभर रुपये देतात. "कुठं जायचं?" विचारलं, तर म्हणतात, "पानी आसंल तिथं."