पाना हाती घेण्यापूर्वी...

चाक पंक्चर होणे, बॅटरी उतरणे, फ्यूज उडणे या तक्रारी वाहनधारकाच्या पाचवीलाच पुजलेल्या असतात. प्रत्येक वेळी मेकॅनिकची वाट पाहत बसण्यापेक्षा ही किरकोळ कामे स्वतः करता येणे केव्हाही चांगले. मात्र, गॅरेजमधील कसबी कारागीर सवयीने जी पथ्ये पाळतो, ती घरी काम करणाऱ्याला अनेकदा ठाऊकच नसतात. पाना फिरवायला फारसे शिकावे लागत नाही. काय टाळायचे, हे मात्र आधी शिकून घ्यावे लागते.

जॅकवर भिस्त नको

गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. खाली काम करायचेच असेल, तर गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवलेली असावी. विटा रचून दिलेला आधारही धोक्याचाच. भाराखाली वीट अचानक फुटू शकते.

चाक बदलताना गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर घ्यावी. हँडब्रेक ओढून ती पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या दिशेच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. प्रवाशांना खाली उतरवावे. नट सैल करण्याचे काम चाक जमिनीवर असतानाच उरकावे. उचललेल्या गाडीवर जोर लावल्यास जॅक निसटण्याची भीती असते. जॅक पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावा. स्टेपनी बसविल्यावर नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. गाडी खाली घेतल्यावर ते पुन्हा घट्ट करावेत आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यानंतर एकदा तपासावेत. द्रुतगती मार्गावर रहदारीच्या बाजूचे चाक बदलण्याचे धाडस मात्र करू नये. कठड्यापलीकडे थांबून मदत मागवावी.

बॅटरीची ताकद

१२ व्होल्टच्या बॅटरीचा धक्का बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. पाना एकाच वेळी धन टोकाला आणि गाडीच्या सांगाड्याला टेकला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून धातू क्षणात तापतो. हातातील अंगठी किंवा घड्याळही असेच भाजू शकते, म्हणून ते आधी काढून ठेवावे. सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असल्याने काढताना ऋण टोक आधी आणि जोडताना सर्वांत शेवटी, हा नियम आहे. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यामुळे जवळपास सिगारेट किंवा ठिणगी नको. आतील आम्ल डोळ्यांत उडाल्यास डोळे १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि लगेच डॉक्टर गाठावा.

फ्यूज उडाल्यास त्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. फ्यूज वारंवार उडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये असल्याची शक्यता अधिक.

उष्णता आणि वायू

घाटात इंजिन तापले, की रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह होतो. आतील पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांहून अधिक तापलेले असते. झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळते पाणी व वाफ तोंडावर उसळते. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे. बोनेटखालचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, हेही ध्यानात असावे.

बंद गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो आणि वासही नसतो. डोके दुखू लागेपर्यंत विषबाधा सुरू झालेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. त्यामुळे पेट्रोलने सुटे भाग धुण्याची सवय सोडलेली बरी. काढलेले जुने ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून, ते गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

कुठे थांबावे?

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि सीएनजीची जोडणी यांना घरी हात लावू नये. विजेवर चालणाऱ्या व हायब्रिड गाड्यांतील नारिंगी केबलमधून शेकडो व्होल्टचा प्रवाह वाहतो. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच.

हातमोजे, चष्मा, टॉर्च आणि लहान अग्निशामक एवढे साहित्य डिकीत असावे. एखाद्या रविवारी सकाळी, सोसायटीच्या मोकळ्या आवारात, एकदा स्टेपनी बदलून पाहावी. जॅक चालतो का, स्टेपनीत हवा आहे का, हे तिथेच कळेल. रात्री, भर पावसात, घाटातल्या वळणावर ते कळून उपयोग नाही.