थायलंडमधील हिंसाचार आणि जनमत

तत्कालीन पंतप्रधान यिंगलक शिनावात्रा यांच्याविरुद्धच्या आंदोलनामुळे थायलंडमध्ये २०१३-१४ साली राजकीय कोंडी निर्माण झाली, तेव्हा हिंसाचाराविरुद्धचे जनमतही दुभंगलेलेच होते. जानेवारी २०१४ मध्ये बँकॉकमध्ये पांढरी वस्त्रे परिधान केलेल्या नागरिकांनी मेणबत्त्या पेटवून हिंसाचार थांबविण्याची आणि निवडणूक होऊ देण्याची मागणी केली. आंदोलकांना मात्र निवडणुकीपूर्वी राजकीय सुधारणा हव्या होत्या. २ फेब्रुवारीच्या मतदानात अनेक ठिकाणी अडथळे आले. त्याच महिन्यात त्रात प्रांत आणि बँकॉक येथे आंदोलकांच्या सभास्थळांनजीक झालेल्या हल्ल्यांत बालकेही बळी पडल्याने संताप वाढला. मार्चमध्ये घटनात्मक न्यायालयाने निवडणूक रद्दबातल ठरविली. अखेर २२ मे रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली. कारण दिले ते हिंसाचार रोखण्याचेच.