कोरममधली लेपर्सन

रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीसमोर नव्या औषधाच्या चाचणीचा प्रस्ताव आला, की निर्णयासाठी किमान पाच जण हजर असावे लागतात. त्या पाचांत एक जण असा लागतो, ज्याचा वैद्यकाशी काही संबंध नाही. २०१९च्या केंद्रीय नियमांनी हे बंधनकारक केलं आहे. औषधशास्त्राचे प्राध्यापक, सर्जन, वकील, समाजशास्त्रज्ञ असे सगळे वेळेवर आले आणि ती सामान्य व्यक्ती, म्हणजे ‘लेपर्सन’, आली नाही, तर कोरम होत नाही. जुहूतल्या एका रुग्णालयाच्या समितीत मी ती लेपर्सन आहे. त्याआधी मी शाळेत भूगोल शिकवत होते.

समितीवर किमान सात सदस्य असतात. निम्मे संस्थेबाहेरचे लागतात, अध्यक्षही बाहेरचाच. ज्या डॉक्टरचा प्रस्ताव असेल तो निर्णयाच्या वेळी बाहेर जातो, मग तो कितीही ज्येष्ठ असो. आम्ही सगळ्यांनी गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते, म्हणून इथं कुठल्या एका अभ्यासाबद्दल लिहिता येणार नाही. पण एकाच प्रकारचे प्रस्ताव आता सगळीकडच्या समित्यांपुढे येत आहेत आणि त्यांतले प्रश्न सारखे असतात. त्यांच्याबद्दल लिहिते.

बैठकीआधी फायलींचा गठ्ठा घरी येतो. त्यात प्रोटोकॉल, संशोधकाची माहिती, विम्याचे कागद, तीन भाषांतलं रुग्णमाहितीपत्रक आणि संमतीपत्र असतं. डॉक्टर मंडळी प्रोटोकॉलपासून सुरुवात करतात. मी माहितीपत्रकापासून करते, कारण रुग्णाच्या हाती तेवढंच पडणार असतं. प्रोटोकॉल आधी वाचला की माझं डोकं संशोधकासारखं चालू लागतं आणि पत्रकात जे लिहिलेलंच नाही तेही मला समजल्यासारखं वाटतं. पत्रक वाचताना मी नेहरूनगर, मोरागाव, कोळीवाडा अशा आसपासच्या वस्त्यांतून ओपीडीत येणारी माणसं नजरेसमोर ठेवते. सकाळी रांगेत उभं राहायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, हे त्यांना पत्रकातून कळायची गरज नसते. ती मजुरी भरून मिळणार का, हे मात्र पत्रकात असायला हवं.

छातीचा एक्स-रे संगणकानं वाचायचा आणि क्षयाचा संशय आला तर सांगायचं, असे प्रस्ताव हल्ली येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१मध्ये १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी अशा वाचनाची शिफारस केली. रेडिओलॉजिस्ट जिथं पोचत नाही तिथं हे तंत्र माणसं वाचवेल, याबद्दल मला शंका नाही. माझा समज होता की यंत्र ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगतं. समितीतल्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी कागदावर आलेख काढून समजावलं, की यंत्र एक आकडा देतं. कुठल्या आकड्याच्या पुढच्या माणसाला थुंकीच्या तपासणीला बोलवायचं, ती रेघ माणसांनी ओढायची असते. रेघ खाली आणली तर आजारी माणूस सहसा निसटत नाही, पण बरेच निरोगीही बोलावले जातात. वर नेली की निरोगी सुटतात आणि काही आजारीही सुटतात. सगळीकडे चालेल अशी एकच रेघ नाही, ती त्या त्या जागी ठरवावी लागते.

हे ऐकल्यावर मी विचारलं, विनाकारण बोलावलेल्या निरोगी बाईचं काय होतं? ती चार घरी कामाला जात असेल आणि क्षयाचा संशय आहे एवढं एखाद्या घरी कळलं, तर रिपोर्ट यायच्या आत काम जाऊ शकतं. रेडिओलॉजिस्ट बाईंनी लगेच त्यात भर घातली: आधी क्षय होऊन बऱ्या झालेल्या माणसाच्या फुप्फुसावर व्रण राहतात आणि यंत्र त्यांना फसू शकतं. म्हणजे ज्यांनी महिनोन् महिने गोळ्या घेऊन आजार संपवला, त्यांच्यावरच पुन्हा बोट. मला व्रणांचं ठाऊक नव्हतं, त्यांच्या मनात घरकामाचं आलं नव्हतं. त्या अर्ध्या तासात आम्हा दोघींना मिळून जो प्रश्न सापडला, तो एकटीला सापडला नसता. या सगळ्या व्यवस्थेवर माझा विश्वास बसला तो अशाच चर्चांमुळे.

मग संशोधकाला जाणारं पत्र ठोस होतं. पूर्वी क्षय झाला होता का, हे आधी विचारा. पक्की तपासणी शक्यतो त्याच दिवशी करा. निरोप त्या व्यक्तीच्याच फोनवर द्या आणि मेसेजमध्ये आजाराचं नाव नको. ‘तुम्ही केव्हाही माघार घेऊ शकता’ असं सरसकट लिहू नका, कारण एक्स-रे वापरून प्रोग्रॅम एकदा शिकवला की त्यातून तो एक्स-रे वेगळा काढणं जवळजवळ अशक्य असतं. माघार कधीपर्यंत घेता येईल ते स्पष्ट सांगा. यंत्र चुकलं तर उत्तर कोण देणार, तेही लिहा. वैद्यकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२३मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत उत्तरदायित्वाचा मुद्दा आहे. तरी पत्रकात नाव-पत्ता आणायला प्रत्येक वेळी मागणी करावी लागते.

प्रश्न उशिरा विचारले की काय होतं, हे मुंबईनं पाहिलं आहे. गर्भजल परीक्षा १९७०च्या दशकात भारतात आली ती आनुवंशिक दोष शोधायला. मुलगी असेल तर गर्भ पाडण्यासाठी ती वापरली जाते म्हणून १९७८मध्ये सरकारी रुग्णालयांत अशा वापराला बंदी झाली आणि धंदा खासगी दवाखान्यांत गेला. १९८६मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. त्याच सुमारास स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील आणि रवींद्र रु. पं. यांच्यासारखे औषधशास्त्राचे जाणकार यांनी मिळून लिंगनिदानाविरुद्ध मंच उभा केला. विभूती पटेल त्यात होत्या. जुहूच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या आवारातल्या, नीरा देसाईंनी १९७४मध्ये सुरू केलेल्या स्त्री-अभ्यास केंद्रातही त्यांनी काम केलं. मृणाल गोरे यांनी विधानसभेत विषय लावून धरला. १९८८मध्ये महाराष्ट्रानं याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, अंमल १९९६पासून.

त्या केंद्रीय कायद्यातल्या सल्लागार समितीत तीन वैद्यकीय तज्ज्ञ, एक कायदेतज्ज्ञ, माहिती-प्रसिद्धी खात्याचा एक अधिकारी आणि तीन सामाजिक कार्यकर्ते असतात. कार्यकर्त्यांत स्त्री-संघटनेची प्रतिनिधी असावीच लागते. डॉक्टर जितके, तितकेच नागरिक. ही रचना चांगली होती, पण तोवर तंत्र गल्लोगल्ली पोचलं होतं. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात १९९१ला ९४६ होत्या, २००१ला ९१३ आणि २०११ला ८९४.

एथिक्स कमिटीचं मोल मला इथं वाटतं. ती यंत्र ओपीडीत लागायच्या आधी बसते. पण आमच्या टेबलाभोवती लेपर्सन एकच असते. तीही बहुधा माझ्यासारखी, शिकलेली, पेन्शन असलेली, इंग्रजी फाइल वाचू शकणारी. ओपीडीच्या रांगेत उभं राहिलेलं माणूस तिथं नसतं. नियमात ‘किमान एक’ असं लिहिलं आहे, दुसरीला मज्जाव नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शनात तर १५ सदस्यांपर्यंत जागा आहे. रुग्णालय ज्या वस्तीला सेवा देतं त्या वस्तीतलं एक माणूस समितीवर घ्यावं, फाइलीचा गोषवारा त्याला मराठीत किंवा हिंदीत द्यावा आणि बैठकीच्या दिवसाची त्याची मजुरी भरून द्यावी, असं लेखी पत्र मी आमच्या सचिवांना दिलं आहे. ते पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतलं आहे.