पहिल्या मीटिंगला जाताना

मागच्या वर्षी एक आई शाळा सुटल्यावर थांबली. "बाई, ह्यांची दारू सुटत नाही." मी नुसतं "समजवा त्यांना" म्हटलं. खरं तर कुठे जायचं ते सांगायला हवं होतं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'एए', १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. आपल्याकडेही त्याचे गट आहेत. जवळचा गट एएच्या संकेतस्थळावर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारून सापडतो. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. मीटिंगची वेळ, भाषा आणि ती 'ओपन' की 'क्लोज्ड', हे आधी विचारा. ओपनला घरचेही बसू शकतात. क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. घरच्यांचा स्वतःचा गट वेगळा, अल-ॲनॉन.

काही मीटिंगा तर शाळेच्याच वर्गात भरतात, आपल्याच बाकांवर! फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकायचं. वर्गणीची पिशवी फिरते, पण पैसे टाकलेच पाहिजेत असं नाही.

एक मात्र सांभाळा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, फिटही येऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि शिक्षकांनो, हे सगळं पालकांना एकटं गाठून सांगा, मुलाच्या वहीत चिठ्ठी घालून नको.